भाऊबीज: शाप, अक्रोड आणि चंद्राची कोर

भाऊबीज म्हणजे फक्त ओवाळणीचं पाकीट? थांबा. कार्तिक शुद्ध द्वितीयेला यम बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला, अशी कथा आहे. म्हणूनच या दिवशी बहीण भावासाठी थेट मरणाशीच भांडते.

बंगालमध्ये ती करंगळीने चंदनाचा टिळा लावते. नेपाळमध्ये सप्तरंगी टिळा, आणि दारात अक्रोड फोडायचा. बिहारच्या भोजपुरी भागात तर बहिणी आधी भावाला मरणाचे शाप देतात, मग प्रायश्चित्त म्हणून स्वतःच्याच जिभेला काटा टोचतात!

आणि भाऊच नसेल तर? मला नाहीये. आपल्याकडे मग चंद्राला ओवाळतात. बीजेची कोर लवकर मावळते, म्हणून आई ओरडायची, “चल गं, तुझा भाऊ निघाला!”

तेव्हा राग यायचा. आता दरवर्षी मीच आधी गच्चीवर पोचते.