विश्लेषण : गाणी गाजली, वादक विसरले गेले… नायजेरियाच्या जुजू बँडमधील ज्येष्ठांच्या आठवणी महत्त्वाच्या का?

लागोसमध्ये एकेकाळी लग्न असो, बारसे असो की वयोवृद्ध व्यक्तीचा अंत्यविधी, जुजू बँड असल्याशिवाय समारंभाला शोभा येत नसे. पहाटेपर्यंत गिटार आणि बोलके ढोल वाजत, पाहुणे गायकाच्या कपाळावर नोटा चिकटवत. त्या रात्री गाजवणारे वादक आता वृद्ध झाले आहेत आणि अनेक जण हयात नाहीत. तबकड्यांवर नाव आले ते बँडच्या प्रमुखाचे. बाकीच्यांचे काय झाले, हे त्यांच्या आठवणींतूनच कळते.

जुजू संगीत म्हणजे काय?

जुजू हे नैऋत्य नायजेरियातील योरुबा भाषकांचे लोकप्रिय संगीत आहे. १९२० आणि १९३० च्या दशकांत लागोसमध्ये ते आकाराला आले. ताडीच्या गुत्त्यांत गिटार किंवा बँजो घेऊन गाणारे गायक, चर्चमधील समूहगान आणि योरुबा ढोलवादन यांचा त्यात संगम झाला. नावाबद्दल एकमत नाही. योरुबात ‘जु’ म्हणजे फेकणे. खंजिरी हवेत उडवून झेलण्याच्या लकबीवरून हे नाव पडले, असे काही जण सांगतात. जादूटोण्यासाठी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडी असलेल्या शब्दाशीही काही जण त्याचा संबंध जोडतात.

टुंडे किंग यांच्या १९३६ मधील ध्वनिमुद्रणांपासून या संगीताचा लेखी इतिहास सुरू होतो. पुढे १९३९ मध्ये ते व्यापारी जहाजावर नोकरीला लागले आणि बरीच वर्षे बाहेर राहून १९५४ मध्ये लागोसला परतले. तोवर संगीत बदलले होते. दोन्ही बाजूंनी निमुळता होत कमरेशी जोडल्यासारखा दिसणारा ‘गांगान’ हा बोलका ढोल १९४० च्या दशकाच्या अखेरीस जुजूत आला. आयिंदे बकारे यांनी गिटारला विजेची जोड दिली.

बोलका ढोल खरोखरच बोलतो?

बऱ्याच अंशी हो. योरुबा भाषेत स्वराच्या उंचीनुसार शब्दाचा अर्थ बदलतो. उंच, मधला आणि खालचा असे तीन स्वर त्यात असतात. ढोलाच्या दोऱ्या काखेत दाबल्या की आवाज चढतो, सैल सोडल्या की उतरतो. त्यामुळे म्हणी, बिरुदे, यजमानाच्या घराण्याची स्तुती असे सारे ढोलावर वाजवता येते आणि श्रोत्यांना ते समजते.

म्हणूनच जुजूतील ढोलकरी केवळ ताल धरत नाही. कोणत्या पाहुण्याचे घराणे कोणते, त्याचे बिरुद काय, हे त्याला पाठ असावे लागते. लागोस आणि इबादानमधील किती तरी घराण्यांचा इतिहास या वादकांच्या डोक्यात साठलेला असतो. असा वादक गेला की हा साठाही जातो.

बँडचा आर्थिक व्यवहार कसा चालायचा?

अमेरिकी संगीत-अभ्यासक ख्रिस्तोफर वॉटरमन यांचा जुजूवरील ग्रंथ १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. बँडची रचना त्यात तपशिलाने मांडली आहे. वर प्रमुख गायक, त्याच्या हाताखाली गिटारवादक, ढोलकरी, शेकेरे म्हणजे मणी ओवलेला भोपळा वाजवणारे आणि साथीचे गायक. वाद्ये, ध्वनिक्षेपक आणि गाडी बहुधा प्रमुखाच्या मालकीची. वादक त्याचे नोकर, त्यांना मिळे ती मजुरी.

कमाईचा मोठा भाग ठरलेल्या बिदागीतून येत नसे, तो पाहुण्यांनी उधळलेल्या नोटांतून येई. इंग्रजीत याला ‘स्प्रेइंग’ म्हणतात, मराठी वाचकाला तमाशातील दौलतजादा आठवावी. गायक पाहुण्याचे नाव घेतो, ढोल त्याची बिरुदे वाजवतो, पाहुणा नाचत पुढे येतो आणि एकेक नोट कपाळाला लावतो. हा पैसा प्रमुखाकडे जमा होई आणि त्यातून कोणाला किती द्यायचे, हे तोच ठरवी. पाहुण्याला पुढे आणणारी थाप ज्याच्या हातची, त्याचा त्या पैशावर ठरलेला हक्क नव्हता.

सुवर्णकाळ कशामुळे आला?

पाया घातला तो आय. के. डाइरो यांनी. अॅकॉर्डियन हे वाद्य त्यांनी जुजूत रुळवले, योरुबा प्रदेशातील वेगवेगळ्या भागांच्या चाली आणि ताल वापरले. १९६३ मध्ये त्यांना ‘एमबीई’ हा ब्रिटिश किताब मिळाला. गुत्त्यातील संगीताला मिळालेली ती प्रतिष्ठा होती.

पुढची कलाटणी राजकारणाने दिली. तोपर्यंत लागोसच्या हॉटेलांत ब्रास वाद्यांच्या ‘हायलाइफ’ संगीताची चलती होती. त्यातील अनेक वादक पूर्व नायजेरियाचे होते. १९६७ ते १९७० या काळातील बियाफ्रा युद्धात त्यांतील बरेच जण लागोस सोडून गेले. रिकामी झालेली जागा जुजूने घेतली. १९७० च्या दशकात तेलाचा पैसा आला, समारंभ मोठे झाले आणि बँडही फुगले.

या काळावर दोन नावांची छाप आहे. एबेनेझर ओबे यांनी १९६४ मध्ये ‘इंटरनॅशनल ब्रदर्स’ हा बँड काढला. त्यांची गाणी उपदेशपर आणि संथ लयीची. बाप, मुलगा आणि त्यांचे जनावर यांची ‘कोणी काहीही केले तरी लोक नावे ठेवतातच’ ही आपल्याकडेही सांगितली जाणारी गोष्ट त्यांनी गाण्यात आणली आणि ती घरोघरी पोहोचली. दुसरे किंग सनी अडे. राजघराण्यातील या मुलाने शाळा अर्धवट सोडली आणि पुढे ‘बाबा साला’ या नावाने विनोदी नट म्हणून गाजलेल्या मोझेस ओलाया यांच्या बँडमध्ये तो दाखल झाला. नंतर त्याने स्वतःचा बँड उभा केला. एका गाण्याने तबकडीची आख्खी बाजू व्यापायची, ही रीत या दोघांच्या काळात रुळली.

जगाने दखल कधी घेतली?

बॉब मार्ली यांचे १९८१ मध्ये निधन झाले. पाश्चात्त्य बाजारात त्यांच्यानंतर कोण, याचा शोध सुरू असताना आयलंड रेकॉर्ड्सने अडे यांच्याशी करार केला. १९८२ मध्ये ‘जुजू म्युझिक’ आणि १९८३ मध्ये ‘सिंक्रो सिस्टिम’ हे अल्बम आले. दुसऱ्याला ग्रॅमी नामांकन मिळाले. १९८४ च्या ‘ऑरा’मध्ये स्टीव्ही वंडर यांनी माउथ ऑर्गन वाजवला. तरीही कंपनीला हवी होती तेवढी विक्री झाली नाही आणि करार संपला. त्याच सुमारास जपानच्या दौऱ्यात बँडमधील असंतोष बाहेर पडला, वादक सोडून गेले आणि अडे यांना नवा संच बांधावा लागला. प्रमुखाच्या यशात आपला वाटा किती, हा वादकांचा प्रश्न होता.

डेमोला अडेपोजू यांचे उदाहरण घ्या. मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार ते अडे यांच्या बँडमध्ये वाजवत. पॉल सायमन यांच्या १९८६ मधील ‘ग्रेसलँड’ या अल्बमच्या शीर्षकगीतात ऐकू येणारी स्टील गिटारही त्यांचीच. हे गाणे जगभर वाजले, पण वादकाचे नाव विचारले तर सांगणारे थोडेच भेटतील.

उतरती कळा का लागली?

तेलाचे भाव घसरले. १९८६ मध्ये नायजेरियाने आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम स्वीकारला आणि नायरा या चलनाची किंमत कोसळली. परदेशी गिटार, अॅम्प्लिफायर आणि सुटे भाग आवाक्याबाहेर गेले. वीस-पंचवीस जणांचा ताफा पोसणे अवघड झाले. बनावट कॅसेटनी विक्रीचे उत्पन्न खाल्ले. गिटारचा खर्च नसलेले, ढोलांवर उभे असलेले ‘फूजी’ संगीत पुढे आले. १९८९ मध्ये शिना पीटर्स यांच्या ‘एस’ने जुजूला वेगवान रूप देऊन पुन्हा गर्दी खेचली. पण जुन्या वादकांच्या हातचे काम मात्र कमी होत गेले.

ओबे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मप्रचाराकडे आणि भक्तिसंगीताकडे वळले. डाइरो यांना उतारवयात परदेशात नवे श्रोते मिळाले. त्यांनी सिएटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवलेही. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. प्रमुखांपुढे असे पर्याय होते. रोजच्या मजुरीवर जगलेल्या ढोलकऱ्याकडे ना निवृत्तिवेतन होते, ना स्वामित्वधन.

‘फाजी आग्बा’ काय आहे?

लागोसमधील ‘जॅझहोल’ या संगीत-पुस्तकांच्या दुकानाचे मालक कुन्ले तेजुओशो यांनी विस्मरणात गेलेल्या योरुबा वादकांना शोधून एकत्र आणले. या समूहाचे नाव ‘फाजी आग्बा’. ‘फाजी’ म्हणजे मौज आणि ‘आग्बा’ म्हणजे वडीलधारे. विजेची गिटार जुजूत आणणाऱ्या बकारे यांचे पुत्र सिना हेही त्यात होते. दिग्दर्शिका रेमी वॉन-रिचर्ड्स यांनी २००९ पासून सुमारे सहा वर्षे त्यांचे चित्रीकरण केले आणि २०१५ मध्ये त्याच नावाचा माहितीपट आला. लागोस ते न्यूयॉर्क असा या वृद्धांचा प्रवास त्यात आहे.

या समूहातील सर्वांत परिचित चेहरा फताई रोलिंग डॉलर. १९५० च्या दशकात त्यांचा स्वतःचा बँड होता आणि तरुण ओबे त्यात शिकले. शिष्य देशभर गाजला, गुरू मात्र काही दशके विस्मृतीत गेले. सत्तरी ओलांडल्यावर त्यांचे पुनरागमन झाले आणि त्या वयात नवे गाणे लोकप्रिय करून त्यांनी तरुणांनाही नाचवले. २०१३ मध्ये, माहितीपट पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले.

कायदा वादकांच्या बाजूने आहे का?

दोन कायदे इथे लागू होतात. पहिला चलनाचा. नायजेरियाच्या केंद्रीय बँकेच्या २००७ च्या कायद्यानुसार नोटा उधळणे आणि त्यांवर नाचणे हा गुन्हा आहे. किमान सहा महिने तुरुंगवास किंवा ५० हजार नायरा दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. अनेक वर्षे तो कागदावरच होता. पण एप्रिल २०२४ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रसिद्ध व्यक्ती बोब्रिस्की यांना याच गुन्ह्यात सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि समारंभांत धास्ती पसरली. जुजू बँडच्या दृष्टीने हा उत्पन्नाच्या मुख्य वाटेवरचा अडथळा आहे.

दुसरा कायदा कॉपीराइटचा. मार्च २०२३ मध्ये नायजेरियात नवा कॉपीराइट कायदा मंजूर झाला आणि सादरकर्त्या कलावंतांचे हक्कही त्यात आहेत. मात्र हक्क मागायचा तर आधी ‘मी वाजवले’ हे दाखवता आले पाहिजे. जुन्या तबकडीच्या वेष्टनावर प्रमुखाचे छायाचित्र आणि नाव आहे. दुसरी गिटार किंवा ढोल कोणाचा, हे अनेकदा तिथे छापलेलेच नाही.

पुढे काय?

१९७० च्या दशकातील जुजू तबकड्या आज परदेशांतील संग्राहक शोधत फिरतात. हीच गाणी स्ट्रीमिंग अॅपवर ऐकली जातात. त्यांतून येणारा पैसा वादकांपर्यंत पोहोचायचा असेल, तर कोणत्या ध्वनिमुद्रणात कोण होते, याची यादी लागेल. ती बव्हंशी या वृद्धांच्या आठवणींतच आहे. त्यामुळे त्यांच्या मुलाखती घेणे आणि नावे नोंदवणे हे स्मरणरंजनापुरते उरत नाही. हक्काचा पुरावाही त्यातूनच मिळू शकतो. तो सांगू शकणारे लोक मात्र दरवर्षी कमी होत आहेत.