शर्यतीआधीची धडधड

हौशी धावपटू, सायकलपटू आणि ट्रायथलीट यांना शर्यतीआधी वाटणारी भीती हा या खेळांचाच एक भाग आहे. शर्यत आठवड्यावर आली की झोप उडते, अन्नावरची वासना कमी होते, एरवी निमूट असलेला गुडघा कुरकुरू लागतो आणि महिनोन्महिने घाम गाळून केलेला सराव अपुरा वाटू लागतो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचे स्पर्धक असोत, साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढणारे असोत की गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावरून आयर्नमॅन 70.3 साठी समुद्रात उतरणारे, या अनुभवातून बहुतेक सगळेच जातात. ही धडधड मुळापासून घालवता येत नाही आणि घालवण्याची गरजही नसते. तिला आवरून कामाला लावणे मात्र सरावाने जमते.

हौशी खेळाडूच्या भीतीला त्याच्या आयुष्याचेही संदर्भ असतात. व्यावसायिक धावपटू वर्षात अनेक शर्यती धावतो. हौशी खेळाडूची मोठी शर्यत बहुधा वर्षातून एकच. तिच्यासाठी पहाटे साडेचारला उठून, नोकरी आणि घर सांभाळून सराव केलेला असतो. प्रवेश शुल्क, प्रवास, मुक्काम यांवर पैसे खर्च झालेले असतात. ऑफिसात आणि सोसायटीत सगळ्यांना बातमी असते. त्यामुळे ‘पूर्ण करता आली नाही तर लोक काय म्हणतील’ हा प्रश्न कित्येकदा अंतरापेक्षाही जड होतो.

शरीरात काय घडते

अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्ये ‘लढा किंवा पळा’ या शारीरिक प्रतिक्रियेचे वर्णन केले. धोका जाणवला की अ‍ॅड्रेनलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, यकृतातून साखर रक्तात येते आणि रक्तपुरवठा पोटाकडून स्नायूंकडे वळतो. शर्यतीच्या सकाळी हात गार पडणे, पोटात गोळा येणे, पुन्हा पुन्हा स्वच्छतागृहाच्या रांगेत उभे राहावे लागणे ही सगळी याचीच रूपे. धावायला निघालेल्या शरीराला यातल्या बऱ्याच गोष्टी हव्याच असतात. तेव्हा छातीतली धडधड म्हणजे तयारी कच्ची असल्याची खूण नव्हे.

प्रश्न असतो तो प्रमाणाचा. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी 1908 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, अवघड काम शिकताना मध्यम ताण उपयोगी पडतो आणि अति ताण घातक ठरतो, असे दिसले. पुढे युरी हानिन या क्रीडामानसशास्त्रज्ञांनी प्रत्येक खेळाडूची अनुकूल ताणाची पातळी वेगळी असते, अशी मांडणी केली. कुणी शर्यतीआधी बडबड करतो, कुणाला एकांत हवा असतो. दुसऱ्याचे पाहून आपली रीत बदलण्यात अर्थ नाही.

क्रीडामानसशास्त्र या भीतीचे दोन भाग करते. धडधड, थरथर, मळमळ ही शारीरिक भीती. ती सुरुवातीच्या रेषेवर शिगेला पोचते आणि शर्यत सुरू झाल्यावर बहुधा झपाट्याने ओसरते. ‘जमेल का’, ‘वेळ गाठता येईल का’ ही वैचारिक भीती. ती आठवडाभर आधी सुरू होते आणि शर्यतीतही डोके वर काढू शकते. पहिलीवर उपाय शरीराच्या वाटेने करावे लागतात, दुसरीवर नियोजनाने.

चिंतेचे निर्णय करणे

वैचारिक भीती अनिश्चिततेवर पोसली जाते. म्हणून जे ठरवता येते ते आधीच ठरवून टाकणे हा तिच्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

सुरुवात उद्दिष्टापासून करावी. एकच आकडा डोक्यात घेऊन उतरणाऱ्याचा, तो आकडा हुकताच धीर सुटतो. त्याऐवजी उद्दिष्टाच्या तीन पायऱ्या ठेवाव्यात. मॅरेथॉनसाठी पहिली पायरी साडेचार तास. ऊन चढले किंवा अंग साथ देईना तर दुसरी, पावणेपाच तास. आणि तिसरी, ठरलेल्या मुदतीत धडधाकट अंतिम रेषा गाठणे. साडेचार तासांसाठी किलोमीटरमागे सरासरी 6 मिनिटे 24 सेकंद लागतात. पहिले तीन किलोमीटर 6 मिनिटे 40 सेकंदांनी धावायचे, हे कागदावर लिहिलेले असले की गर्दीच्या जोशात भरकटण्याचा धोका कमी होतो. त्या तीन किलोमीटरमध्ये मागे पडलेले 48 सेकंद उरलेल्या 39 किलोमीटरमध्ये सहज भरून निघतात.

दुसरे साधन ‘जर-तर’ आराखड्याचे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अभ्यासलेल्या या पद्धतीत अडचण आणि तिच्यावरची कृती यांची आधीच जोडी लावली जाते. जर पिंडरीत गोळा आला, तर थांबून ताण द्यायचा आणि दोनशे पावले चालायचे. जर एनर्जी जेल पोटात टिकेना, तर पुढच्या पाण्याच्या स्टेशनवर पाण्याचे घोट घ्यायचे. जर घड्याळाचे जीपीएस बिघडले, तर रस्त्यावरचे किलोमीटरचे फलक पाहायचे. मुंबईच्या फुल मॅरेथॉनमध्ये पाय थकल्यावर समोर येणाऱ्या पेडर रोडच्या चढाची अनेकांना वर्षानुवर्षे धास्ती वाटत आली आहे. तिथे वेग किती कमी करायचा आणि कुठून चालायचे, हे घरीच ठरले असेल तर त्या चढावर मनाशी वाद घालावा लागत नाही.

अंतराची भीती वाटत असेल तर अंतराचे तुकडे करावेत. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन 1921 पासून पीटरमारित्झबर्ग आणि डर्बन या शहरांदरम्यान धावली जाते. अंतर सुमारे 90 किलोमीटर, मुदत 12 तास. मुदत संपताच एक अधिकारी धावणाऱ्यांकडे पाठ करून बंदुकीचा बार काढतो आणि त्यानंतर एक पाऊल मागे असलेल्यालाही पदक मिळत नाही. महाराष्ट्रातून तिथे जाणाऱ्या हौशी धावपटूंना या बाराची आठवण आधीच अस्वस्थ करते. पण वाटेत ठरावीक ठिकाणीही वेळेची मर्यादा असते. 90 किलोमीटरऐवजी फक्त पुढच्या मर्यादेपर्यंतचा हिशेब मांडला, तर मनाला पेलवेल एवढेच काम समोर राहते.

शेवटचे पंधरा दिवस

मॅरेथॉनआधीच्या साधारण दोन आठवड्यांत सराव 40 ते 60 टक्क्यांनी कमी करून वेग मात्र टिकवायचा असतो. याला टेपर म्हणतात. भीतीला सर्वाधिक खतपाणी याच काळात मिळते, कारण हाताशी वेळ उरतो आणि सगळे लक्ष शरीरावर एकवटते. बारीकसारीक दुखणी मोठी वाटतात. घाबरून शेवटच्या आठवड्यात एखादा ‘लाँग रन’ उरकून घेण्याचा मोह होतो. पण त्या धावण्याचा फायदा शर्यतीपर्यंत मिळत नाही, थकवा मात्र सोबत येतो. अशा वेळी सरावाची वही उघडून मागच्या चार महिन्यांच्या नोंदी वाचाव्यात. मन धीर सोडते तेव्हा लिहिलेला पुरावा कामी येतो.

आहारात नवे काही करू नये. भात, पोळी, बटाटा, केळी असे सवयीचे पदार्थ खावेत. भीतीपोटी पाणी ढोसणेही धोक्याचे असते. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियमची पातळी घटलेली आढळली, आणि अति द्रवपान हे त्याचे मोठे कारण होते. तहानेप्रमाणे पिणे बहुतेकांसाठी सुरक्षित ठरते.

आदल्या रात्री नीट झोप लागेलच असे नाही. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने महिन्यांची तयारी वाया जात नाही; त्याआधीच्या रात्रींची झोप अधिक महत्त्वाची. संध्याकाळीच टी-शर्टवर स्पर्धक क्रमांकाचा बिब चारही पिनांनी लावावा. बूट, मोजे, व्हॅसलीन, जेल आणि घड्याळाचा चार्जर एका जागी ठेवावा. स्टार्टपर्यंत कसे पोचायचे हेही पक्के करावे. मग डोळा लागला नाही तरी अंथरुणात शांत पडून राहावे. विश्रांती तेवढ्यानेही मिळते.

सुरुवातीची रेषा

इथे शारीरिक भीतीचा जोर असतो. नाकाने चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. तीन-चार मिनिटांत फरक जाणवतो. मुठी घट्ट आवळून सोडणे, खांदे कानांपर्यंत उचलून सैल करणे याचाही उपयोग होतो. एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलेल्या स्नायू शिथिलीकरणाचे हे छोटे रूप.

अ‍ॅलिसन वूड ब्रूक्स या संशोधिकेने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाणे, भाषण आणि गणित या कामांआधी स्वतःला ‘मी उत्सुक आहे’ असे सांगणाऱ्यांची कामगिरी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. धडधडणाऱ्या छातीला शांत हो म्हणणे अवघड असते, त्याच धडधडीला उत्साह मानणे सोपे. शर्यतीआधीही हे करून पाहण्यासारखे आहे.

ट्रायथलॉनमधल्या पोहण्याचा विचार वेगळा करावा लागतो. तरणतलावात तळाशी सरळ रेषा दिसते आणि दर 25 मीटरला भिंत हाताला लागते. समुद्रात दोन्ही नसतात. पाणी गढूळ, लाट अंगावर, शेजाऱ्याचा हात पाठीवर. श्वास उथळ होतो आणि दम कोंडल्यासारखे वाटते. नवख्याने घोळक्याच्या कडेला उभे राहावे, पहिले दोनशे मीटर अगदी सावकाश पोहावे आणि तोंड पाण्यात असताना श्वास पूर्ण बाहेर सोडावा. घाबरल्यास पाठीवर तरंगावे किंवा हात वर करून सुरक्षा कयाकला बोलवावे. तिला धरून दम खाता येतो. फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचे नसते. शर्यतीआधी खुल्या पाण्यात, जाणकारांच्या सोबतीने, सराव झालेलाच हवा.

भीती आणि आजार

प्रत्येक लक्षण भीतीच्या खाती टाकता येत नाही. छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, अनियमित ठोके, ताप किंवा जुलाब असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि गरज पडल्यास शर्यत सोडावी. भीतीमुळे आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, शर्यतीच टाळल्या जात असतील किंवा सरावातला आनंदच आटला असेल, तर क्रीडामानसशास्त्रज्ञाची मदत घेणे शहाणपणाचे.

शर्यत संपल्यावर दोन-तीन दिवसांत एक टिपण करावे: कशाची भीती होती, त्यातले काय खरे झाले, कोणता ‘जर-तर’ उपयोगी पडला. शर्यत अर्धवट सुटली असेल तर हे टिपण अधिकच मोलाचे. छोट्या, कमी महत्त्वाच्या शर्यती वर्षातून दोन-तीनदा धावल्यास या टिपणांत भर पडते, आणि पुढच्या मोठ्या शर्यतीआधी कोणते निर्णय आधी घेऊन ठेवायचे याची यादी तयार होते.