वेंकटरंगम रस्त्यावरचे गणित

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत, पार्थसारथी मंदिराच्या परिसरातल्या वेंकटरंगम रस्त्यावर, भारतातील गणित शिक्षकांच्या एका जुन्या संघटनेचे कार्यालय आहे. असोसिएशन ऑफ मॅथेमॅटिक्स टीचर्स ऑफ इंडिया, म्हणजेच एएमटीआय, ही संस्था १९६५ साली स्थापन झाली. नाव अखिल भारतीय असले तरी तिचा प्राण मद्रासच्या शाळांतला. शिक्षकांसाठी ‘द मॅथेमॅटिक्स टीचर’ हे त्रैमासिक, मुलांसाठी ‘ज्युनिअर मॅथेमॅटिशियन’, वार्षिक अधिवेशन, शिबिरे, छोटी पुस्तके आणि राष्ट्रीय गणित प्रज्ञाशोध स्पर्धा असा तिचा कामाचा पसारा आहे. यातली स्पर्धा पालकांना ठाऊक असते, बाकीचे काम सहसा शिक्षकांच्या वर्तुळाबाहेर जात नाही. माझ्या मते संस्थेची खरी पुण्याई या बाकीच्या कामात आहे. शाळेत शिकवणाऱ्या माणसाला गणित करण्याची, लिहिण्याची आणि बरोबरीच्या माणसांसमोर मांडण्याची जागा तिने दिली. शिक्षक संघटनेचे मोजमाप याच कसोटीवर व्हावे.

अशी संस्था या वस्तीत रुजली यात नवल नाही. हिंदू हायस्कूल इथलेच. त्याचे मुख्याध्यापक व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांनी मद्रासमध्ये शिक्षकांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला, १९०४ मध्ये सुरू झालेल्या तिरुवल्लिकेणीच्या सहकारी भांडाराच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निधनानंतर १९१५ मध्ये पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्षपद याच शास्त्रींकडे आले. गोखले स्वतः न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गणित शिकवत आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून चाले, हेही इथे आठवते. याच तिरुवल्लिकेणीत श्रीनिवास रामानुजन राहिले. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होण्याआधीच त्यांचे लेखन छापले जाऊ लागले होते, आणि ते छापणारे नियतकालिक विद्यापीठाने काढलेले नव्हते. १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरने इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीची पायाभरणी केली होती. तिच्या नियतकालिकात १९११ मध्ये रामानुजनांचा बर्नुली संख्यांवरचा लेख आला, आणि वाचकांना आव्हान देणाऱ्या प्रश्नांच्या सदरात त्यांचे प्रश्नही येऊ लागले. पदवी नसलेल्या तरुणाला पहिला वाचकवर्ग मिळाला तो या सदरातून. गणिताच्या छोट्या नियतकालिकाचे मोल ज्यांना कळत नाही त्यांनी हा एक दाखला विसरू नये.

दुसरा दाखला आपल्या घरचा आहे. डहाणूत १९०५ मध्ये जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करा, आणि उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ३७८ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. इथे आल्यावर संख्या हलत नाही. कोणत्याही संख्येपासून निघालात तरी फार तर सात पायऱ्यांत इथेच पोचता. हा शोध कापरेकरांनी १९४९ मध्ये मांडला तो मद्रासच्या गणित परिषदेत. आपल्याकडच्या प्राध्यापकवर्गातल्या अनेकांनी त्यांच्या कामाकडे करमणूक म्हणून पाहिले, पुस्तिका त्यांना पदरमोड करून छापाव्या लागल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. एएमटीआयने मात्र सातवी-आठवीच्या स्पर्धेला कापरेकरांचे नाव दिले आणि २००४ मध्ये आर. आत्मारामन यांचे कापरेकर संख्यांवरचे पुस्तक प्रकाशित केले. इतर गटांची नावे गाउस, भास्कर, रामानुजन आणि आर्यभट अशी आहेत. या मालिकेत एका शाळामास्तराला बसवणे म्हणजे शाळेत शिकवणारा माणूसही गणितज्ञ असू शकतो असे जाहीरपणे म्हणणे. महाराष्ट्राने हे म्हणायला उशीर केला, हे मला बोचते.

एएमटीआयच्या कामावर पहिला आक्षेप येतो तो स्पर्धेचाच. अर्ध्या शतकाहून अधिक काळ दोन टप्प्यांत परीक्षा घेणारी संस्था हुशार मुलांचीच सेवा करते, मागे पडणाऱ्यांचे काय, असे विचारले जाते. आक्षेप रास्त आहे. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ मध्ये सुरू केलेली होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा बघा. प्रात्यक्षिक आणि प्रकल्प असलेली ही परीक्षा शिक्षकांनी कल्पकतेने घडवली, पण तिच्याभोवतीही महागड्या शिकवण्या उभ्या राहिल्या. तरी दोष परीक्षेला देऊन प्रश्न सुटत नाही. चांगला प्रश्न तयार करणे हेच शिक्षकाचे सर्वांत अवघड प्रशिक्षण आहे. पाठ्यपुस्तकातली उदाहरणे फळ्यावर उतरवणारा शिक्षक आणि वर्षाला दोन नवे प्रश्न स्वतः रचणारा शिक्षक यांच्या वर्गात फरक पडतोच, आणि त्या फरकाचा लाभ शेवटच्या बाकावरच्या मुलालाही होतो. म्हणून स्पर्धा टिकावी. तिच्या प्रश्नपत्रिकांवर मात्र नंतर शिक्षकांनी एकत्र बसून बोलावे. कोणता प्रश्न मुलांना कुठे अडला, का अडला, हे त्रैमासिकात यावे. निकालाच्या यादीइतकीच ही चर्चा मोलाची आहे.

दुसरा आक्षेप असा की शिक्षकांचे प्रशिक्षण हे सरकारचे काम. राज्यात शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे, जिल्ह्यात शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) आहे, मग स्वयंसेवी मंडळ हवे कशाला? सरकारी प्रशिक्षण लागतेच, कारण प्रत्येक शाळेपर्यंत पोचण्याची ताकद सरकारकडेच आहे. पण ते वरून खाली येते आणि अभ्यासक्रम बदलला की येते. शिक्षकाच्या स्वतःच्या कुतूहलाला त्यात सहसा जागा नसते. पी. के. श्रीनिवासन यांचे उदाहरण घ्या. मद्रासच्या मुथियालपेट हायस्कूलचे हे गणित शिक्षक एएमटीआयच्या कामात अग्रभागी होते. त्यांनी रामानुजनांची पत्रे आणि त्यांना ओळखणाऱ्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि १९६८ मध्ये दोन खंडांत त्या प्रसिद्ध केल्या. पुढे रायपुरम भागात रामानुजन संग्रहालय उभे करण्यातही त्यांचाच ध्यास होता. कोणत्याही परिपत्रकाने हे काम सांगितले नव्हते. रामानुजनांच्या चरित्रकारांना आज जे साहित्य हाती लागते त्यातला मोठा वाटा एका शाळाशिक्षकाने जमवलेला आहे.

तिसरी अडचण भाषेची, आणि ती मी आक्षेप म्हणून टाळणार नाही. तिरुवल्लिकेणीची ही नियतकालिके इंग्रजीत आहेत. गडचिरोलीच्या किंवा चंदगडच्या मराठी शाळेतल्या शिक्षकाला त्यांचा उपयोग मर्यादितच. आपल्याकडे काहीच नाही असेही नाही. महाराष्ट्रात गणित अध्यापकांचे महामंडळ आहे, त्याची प्रावीण्य परीक्षा हजारो घरांत ठाऊक आहे. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. परीक्षा आणि शिबिरे यांची उणीव नाही. उणीव आहे ती मराठीतून शिक्षकाने शिक्षकासाठी लिहिलेल्या, नेमाने निघणाऱ्या आणि जिल्ह्याजिल्ह्यात वाचल्या जाणाऱ्या गणितलेखनाची. अपूर्णांकांचा भागाकार शिकवताना मुले काय समजतात, एखादी सिद्धता वर्गात कशी उलगडली, हे लिहिणारे हात आपल्या शाळांत आहेत. महामंडळाने स्पर्धेच्या शुल्कातला थोडा भाग अशा त्रैमासिकासाठी राखून ठेवावा, प्रत्येक जिल्हा मंडळाने वर्षाला निदान एक टिपण द्यावे, आणि गणिताच्या शिक्षकांनी या दिवाळीच्या सुटीत आपला एक पाठ कागदावर उतरवून आपल्या मंडळाकडे पाठवावा.