‘मंजूर’ म्हणजे नेमकं काय? कंत्राटाआधीच्या मान्यता आणि त्या वाचायच्या कशा

वर्तमानपत्रात बातमी येते, ‘अमुक रस्त्याच्या कामास मंजुरी’. आपण संशोधक मंडळी लगेच एक्सेलमध्ये रकाना उघडतो: मंजूर, होय की नाही. सार्वजनिक खर्चावर काम करू पाहणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या पहिल्या आराखड्यात हा रकाना असतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कंत्राटदाराच्या हातात कार्यारंभ आदेश पडण्याआधी किमान चार मान्यता झालेल्या असाव्या लागतात. त्या चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात आणि साधारणपणे वेगवेगळ्या माणसांनी दिलेली असतात. बातमीतली ‘मंजुरी’ बहुधा त्यातली फक्त पहिली असते.

ती पहिली म्हणजे प्रशासकीय मान्यता. फायलींच्या भाषेत ‘प्रमा’. तिचा प्रश्न साधा आहे: हे काम करायचं का, आणि साधारण किती खर्चापर्यंत? हे ज्याला ते काम हवं आहे त्याने ठरवायचं असतं. प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत असेल तर बांधणार सार्वजनिक बांधकाम विभाग, पण ती हवी आहे की नाही हे सांगणार आरोग्य विभाग. जिल्हा वार्षिक योजनेतलं किंवा आमदार निधीतलं काम असेल तर ही मान्यता जिल्हाधिकाऱ्यांकडून येते. मोठ्या कामांची प्रमा शासन निर्णयाच्या रूपात निघते आणि सरकारच्या संकेतस्थळावर सापडते.

असा एखादा शासन निर्णय उघडून शेवटपर्यंत वाचा. आकडा बघून बंद करू नका. खाली अटींची यादी असते: सविस्तर अंदाजपत्रकास सक्षम प्राधिकाऱ्याची तांत्रिक मान्यता घ्यावी, जागा ताब्यात असल्याची खात्री करावी, निविदेची विहित पद्धत पाळावी, खर्च अमुक लेखाशीर्षाखालच्या तरतुदीतून भागवावा. म्हणजे मान्यता देणारा कागदच सांगत असतो की बाकीच्या गोष्टी अजून व्हायच्या आहेत. आणि अगदी तळाशी, ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. ही ओळ शोभेची नाही, तिच्याकडे नंतर येऊ.

दुसरी, तांत्रिक मान्यता. इथे प्रश्न बदलतो: हे काम या आराखड्याने, या परिमाणांनी, या खर्चात नीट उभं राहील का? याचं उत्तर अभियंता देतो. रकमेनुसार उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता की मुख्य अभियंता हे अधिकार प्रदान केलेल्या आदेशात ठरलेलं असतं. ढोबळ अंदाजपत्रकाची जागा इथे सविस्तर अंदाजपत्रक घेतं. खोदाई किती घनमीटर, काँक्रीट किती, पोलाद किती, आणि प्रत्येक बाबीचा दर दरसूचीतून. जुने लोक तिला अजून ‘डीएसआर’च म्हणतात.

इथे जरा थांबू, कारण निविदांवर संख्यात्मक काम करणाऱ्यांचं गाडं इथेच अडतं. निविदा ‘१२ टक्के जादा’ किंवा ‘२० टक्के कमी’ दराने आली असं आपण नोंदवतो आणि त्यावरून स्पर्धा किती झाली याचा अंदाज बांधतो. पण जादा किंवा कमी कशापेक्षा? अंदाजपत्रकापेक्षा. आणि अंदाजपत्रक कुठल्या वर्षाच्या दरसूचीवर? दोन वर्षं जुन्या दरसूचीवर बेतलेल्या कामाला १२ टक्के जादा दर आला, तर त्यात संगनमत शोधण्याआधी त्या दोन वर्षांत सिमेंट आणि डांबर कुठे गेलं ते बघावं लागेल. माझ्या मते दरसूचीचं वर्ष हा रकाना नसलेला निविदांचा विदासंच अर्धवट आहे. त्यावर कितीही देखणं प्रतिगमन चालवलं तरी तो अर्धवटच राहतो.

तिसरा प्रश्न पैशाचा: या वर्षी, या लेखाशीर्षाखाली तरतूद आहे का? प्रमा मिळाली म्हणजे पैसे आले असं नाही. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १३६ या बाबतीत फार स्वच्छ आहे. प्रशासकीय मान्यता, खर्चाची मंजुरी, मंजूर आराखडा, दरसूचीवर आधारलेलं अंदाजपत्रक, त्या वर्षासाठी निधी, नियमाप्रमाणे निविदा आणि कार्यादेश, एवढं झाल्याशिवाय काम सुरू करू नये आणि देणंही अंगावर घेऊ नये, असं तो सांगतो. हा नियम केंद्राचा. राज्याच्या कामांना राज्याचे नियम लागतात, पण तर्क तोच.

निधीची ही पायरी कच्ची राहिली की काय होतं ते महाराष्ट्रात आपण पाहिलं आहे. तरतुदीच्या मानाने मान्यता फार झाल्या की कामं होतात, बिलं तयार होतात आणि पडून राहतात. २०२५ मध्ये राज्यातल्या कंत्राटदार संघटना थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. यात मोठ्या कंपन्या तग धरतात. मरण होतं ते दागिने गहाण ठेवून खडी-सिमेंट उचलणाऱ्या तालुक्यातल्या छोट्या ठेकेदाराचं, आणि त्याच्याकडे रोजावर असलेल्या माणसांचं. म्हणून ‘प्रमा किती कोटींच्या’ आणि ‘तरतूद किती कोटींची’ हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडणं हाच एक चांगला संशोधनप्रश्न आहे. एका जिल्ह्यापुरता केला तरी.

चौथी मान्यता निविदेची. तिचे दोन भाग पडतात. आधी निविदेच्या मसुद्याला मान्यता: अटी, पात्रतेचे निकष, टक्केवारी दराचा बी-१ नमुना वापरायचा की बाबनिहाय दराचा बी-२. पात्रतेच्या अटी कोणाला आत घेतात आणि कोणाला बाहेर ठेवतात हे इथेच ठरतं, पण ही टिपणी क्वचितच कोणी मागून वाचतो. मग ई-निविदा, तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा, तुलनात्मक तक्ता, आणि सक्षम प्राधिकाऱ्याची स्वीकृती. प्रश्न असा: या माणसाला, या दराने द्यायचं का? त्यानंतर सुरक्षा अनामत, करारनामा आणि कार्यारंभ आदेश.

महापालिकेत या टप्प्याला एक राजकीय वळण आहे. मुंबईत १८८८ च्या आणि राज्यातल्या इतर महापालिकांत १९४९ च्या कायद्यानुसार ठरावीक रकमेवरची कंत्राटं स्थायी समितीच्या मान्यतेशिवाय देता येत नाहीत. प्रस्ताव आयुक्तांचा, मान्यता निवडून आलेल्यांची. ‘स्थायी’च्या बैठका का गाजतात हे यावरून कळेल. आता मार्च २०२२ नंतरचा मुंबईचा काळ बघा. मुदत संपली, निवडणूक लांबली, प्रशासक आले. आयुक्तच प्रशासक, त्यामुळे प्रस्ताव मांडणारा आणि तो मान्य करणारा एकच. कायद्याने हे चालतं. पण दुसऱ्या डोळ्याने बघणं गेलं की काय बदलतं, हे मोजायला याहून बरी नैसर्गिक संधी आपल्या विषयात सहसा मिळत नाही. स्थायी समितीच्या चर्चेने खरंच दर कमी व्हायचे, की नुसता वेळ जायचा? दोन्ही बाजूंचे लोक छातीठोक बोलतात. कागद काढून बघायला हवं.

मान्यतेचे अधिकार रकमेनुसार वाटलेले असल्यामुळे एक जुनी युक्ती जन्माला येते: तुकडे पाडणं. समजा तीन किलोमीटरचा रस्ता आहे आणि पूर्ण रक्कम अधीक्षक अभियंत्याच्या अधिकारात जाते. एकेका किलोमीटरची तीन कामं केली की ती कार्यकारी अभियंत्याच्या टेबलावरच आटोपतात. नियम १३७ म्हणतो की एका प्रकल्पातली कामं मान्यतेसाठी एकच काम धरायची, तुकडे लहान आहेत म्हणून वरची मान्यता टाळायची नाही. एकमेकांपासून स्वतंत्र अशा सारख्या कामांना मात्र तो सूट देतो, आणि सगळा वाद त्या ‘स्वतंत्र’ शब्दावर होतो. तुमच्या विदेत रकमांचा आलेख काढा. अधिकाराच्या मर्यादेच्या किंचित खाली कामांची गर्दी दिसली तर तिथे खणा. फक्त मर्यादा वेळोवेळी बदलतात, तेव्हा ज्या वर्षाचं काम त्याच वर्षाचा आदेश लावा.

प्रमेची रक्कम ओलांडली तर सुधारित प्रशासकीय मान्यता लागते, म्हणजे ‘सुप्रमा’. सिंचनाच्या बातम्या वाचणाऱ्यांना हा शब्द पाठ असेल. भंडारा जिल्ह्यातल्या वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाची १९८३ ची मूळ मान्यता ३७२.२२ कोटींची होती. २०१२-१३ च्या दरपातळीवर तोच खर्च १८,४९४.५७ कोटींवर गेला. जवळजवळ पन्नास पट. हा आकडा भाषणात वापरायला सोपा, संशोधनात अवघड, कारण त्यात तीस वर्षांची महागाई आहे, भूसंपादन आणि पुनर्वसन आहे, बदललेली कामं आहेत. सुदैवाने सुप्रमेच्या प्रस्तावात वाढीची कारणं वेगळी मांडायची पद्धत आहे: दरसूचीतला बदल, भूसंपादनाची वाढीव किंमत, संकल्पचित्रातले बदल, अपुऱ्या तरतुदी, जादा दराची निविदा. त्यातल्या पहिल्या दोन कारणांवर अभियंत्याचा ताबा थोडा. ‘अपुऱ्या तरतुदी’ मात्र नीट वाचा. मूळ अंदाजपत्रकातच कमी धरलं होतं, असा त्याचा अर्थ होतो.

मग मान्यतेआधीच काम झालं तर? यालाही शब्द आहे, ‘कार्योत्तर मान्यता’. पुरात पूल वाहून गेला तर चार सह्यांची वाट कोणी बघत नाही, बघूही नये. नियम १३६ मध्येच तशी सोय आहे: अधिकाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर काम करावं, पण त्याच वेळी मान्यतेची कार्यवाही सुरू करावी आणि लेखा अधिकाऱ्याला कळवावं. अडचण येते ती आपत्ती नसताना.

अशा कंत्राटदाराचं कायद्याने काय होतं हे समजायला बी. के. मोंडल खटला वाचा, सर्वोच्च न्यायालय, १९६२ च्या अहवालात आहे. १९४४ साली बंगालच्या नागरी पुरवठा खात्यासाठी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून एका पेढीने बांधकामं केली, खात्याने ती वापरली, पण बिल द्यायची वेळ आली तेव्हा वैध करारच नाही असं उत्तर आलं. सरकारचा करार राज्यपालांच्या नावाने, अधिकार दिलेल्या व्यक्तीनेच करावा लागतो. तेव्हा ते १९३५ च्या कायद्यात होतं, आज संविधानाच्या अनुच्छेद २९९ मध्ये आहे. शासन निर्णयाच्या तळाची ती ओळ याचीच चुलत बहीण: आदेशांसाठी अनुच्छेद १६६, करारांसाठी २९९. न्यायालयाने सांगितलं की करार वैध नाही हे खरं, पण काम फुकट करायच्या हेतूने केलेलं नव्हतं आणि सरकारने त्याचा लाभ घेतला, त्यामुळे करार कायद्याच्या कलम ७० खाली भरपाई द्यावी लागेल. ऐकायला बरं वाटतं. पण त्यासाठी पेढीला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं.

आता कागद मिळवायचे कसे. माहिती अधिकाराच्या अर्जाला महाराष्ट्रात दीडशे शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय चालतो, त्यामुळे ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. एका कामाचं नाव द्या आणि त्याच्या प्रती मागा: प्रशासकीय मान्यता आदेश, तांत्रिक मान्यतेचं पान, निविदा सूचना, स्वीकृती पत्र, कार्यारंभ आदेश, आणि मोजमाप पुस्तिकेचं पहिलं पान. अर्जाचे दहा रुपये, प्रतीला पानामागे दोन.

हाती आल्यावर रकमा बाजूला ठेवा, आधी फक्त तारखा एका ओळीत लिहा. तांत्रिक मान्यता प्रमेच्या आधीची दिसली तर कारण विचारा, उत्तर बऱ्याचदा निरुपद्रवी असतं. स्वीकृती आणि कार्यारंभ यांत आठ महिने गेले असतील तर जागेचा किंवा वनखात्याचा अडथळा शोधा. मोजमाप पुस्तिकेतली पहिली नोंद कार्यारंभ आदेशाच्या आधीची निघाली, तर मात्र ते काम बाजूला काढून ठेवा आणि जागेवर जाऊन या.