न दिसणाऱ्या ठशांचा शोध

काचेचा स्वच्छ पेला हातात धरून खाली ठेवा. वरवर त्यावर काहीच दिसत नाही. आता तो दिव्यासमोर तिरपा धरून पाहा. बारीक रेषांची नक्षी दिसू लागेल. हाच तुमच्या बोटाचा सुप्त ठसा.

हा ठसा उमटतो कसा? बोटाच्या त्वचेवरील उंचवट्यांवर घर्मग्रंथींची छिद्रे असतात. घामात सुमारे ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात मीठ, अमिनो आम्ले इत्यादी पदार्थ असतात. शिवाय केसांना, कपाळाला हात लागून बोटांवर तेलही येते. पाणी उडून जाते. बाकीचे पदार्थ मागे राहतात. तपासनीस शोधतो ते हेच.

काच, धातू अशा गुळगुळीत पृष्ठभागावर मऊ कुंचल्याने बारीक पूड फिरवतात. ती ओलसर-तेलकट रेषांना चिकटते. शिसपेन्सिलीच्या शिशाची पूड वापरून हा प्रयोग तुम्हालाही करता येईल. कुंचला जोराने मात्र फिरवू नका. ठसाच पुसला जाईल!

कागद घाम शोषून घेतो. तेथे रसायनशास्त्र मदतीला येते. आयोडिनची वाफ तेलात शोषली जाऊन ठसा तपकिरी दिसतो. पण थोड्या वेळाने आयोडिन उडून जाते, म्हणून छायाचित्र लगेच घ्यावे लागते. निनहायड्रिन अमिनो आम्लांशी संयोग पावून जांभळा रंग देते. रूहेमान यांना ही क्रिया १९१० मध्ये आढळली; ठशांसाठी तिचा उपयोग दोन स्वीडिश शास्त्रज्ञांनी सुचवला तो १९५४ मध्ये! सिल्व्हर नायट्रेट मिठातील क्लोराइडशी संयोग पावते आणि बनलेले सिल्व्हर क्लोराइड उजेडात काळे पडते. मात्र या द्रावणातील पाण्याने अमिनो आम्ले धुऊन जातात. म्हणून क्रम ठरलेला: आधी आयोडिन, मग निनहायड्रिन, शेवटी सिल्व्हर नायट्रेट. क्रम चुकला, तर पुरावा कायमचा गेला.

ठसा सापडला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का? एकदा जलपैगुडी भागात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. तेथील बंगाली पंचांगावर रक्ताने माखलेल्या बोटाचा डाग होता. तो पूर्वी शिक्षा झालेल्या एका नोकराच्या अंगठ्याशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी ठरवले, खुनाबद्दल नाही. कारण ठसा एवढेच सांगतो, की या बोटाने या वस्तूला स्पर्श केला. तो कधी आणि कशासाठी, हे इतर पुराव्यांवरूनच ठरवावे लागते. पुराव्यातून निघते तेवढेच म्हणावे, हा विज्ञानाचाही नियम आहे.