नकाशाला वाचा फुटते

गावच्या चावडीच्या भिंतीवर एक रंगीत कागद लावला आहे, अशी कल्पना करावी. त्यावर एक निळी, वळणावळणाची रेघ आहे. तिच्या दोन्ही अंगांस फिकट निळा पट्टा पसरला आहे. काही तांबड्या रेघा तो पट्टा छेदून गेल्या आहेत आणि ठिकठिकाणी काळे ठिपके आहेत. कागद मोठा देखणा आहे. परंतु पाहणाऱ्याच्या मनात एकामागून एक प्रश्न उभे राहतात. हा प्रदेश कोणता? फिकट निळा पट्टा म्हणजे तळे, की पुराचे पाणी? पूर असेल तर तो कोणत्या वर्षीचा? या ठिपक्यापासून त्या रस्त्यापर्यंतचे अंतर हाकेच्या टप्प्यात आहे, की तेथवर पोहोचावयास तास लागेल? उत्तर दिशा कोणीकडे? कागद यांतील एकाही प्रश्नास उत्तर देत नाही. तो चित्र म्हणून शोभेल. नकाशा म्हणून तो मुका आहे.

नकाशाला बोलके करणारी जी अंगे आहेत, त्यांची नावे भूगोलाच्या तासाला कानांवर पडलेली असतात : शीर्षक, सूची, प्रमाण, दिशा. पूर्वी ही अंगे कुशल नकाशाकार टाकाने व शाईने कागदाच्या कडेस रेखीत असे. हल्ली हे काम बहुधा संगणकावर होते. त्यासाठी जी साधने वापरतात त्यांना भौगोलिक माहिती प्रणाली किंवा जीआयएस असे म्हणतात. क्यूजीआयएस ही त्यांपैकी एक. गॅरी शर्मन याने २००२ साली तिचा आरंभ केला. आज देशोदेशींचे जाणते लोक तिच्यात भर घालीत असतात आणि ती कोणालाही विनामूल्य वापरता येते.

या प्रणालीत नद्या, रस्ते, गावे, शेते यांची माहिती निरनिराळ्या थरांत साठविलेली असते. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे हे थर पडद्यावर एकत्र दिसतात. नकाशा करणाऱ्याला यातले सर्व ठाऊक असते. नदी कोणती हे त्याला विचारावे लागत नाही. हवा तेवढा भाग तो मोठा करून पाहतो. एखाद्या ठिपक्यावर टिचकी मारली की गावाचे नाव त्याच्यापुढे येते. परंतु छापलेला कागद ज्याच्या हाती पडतो, त्याला यांतले काहीच करता येत नाही. म्हणून क्यूजीआयएसमध्ये नकाशा करण्याची जागा वेगळी आणि तो कागदावर मांडण्याची जागा वेगळी ठेवली आहे. या दुसऱ्या जागेस ‘प्रिंट लेआउट’ म्हणतात. तेथे पडद्यावर एक कोरा कागद उघडतो. त्यावर प्रथम नकाशाची चौकट ओढावयाची आणि मग एकेक अंग जोडीत जावयाचे.

एक उदाहरण घेऊ. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली हे गाव आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते, ती याच परिसरात. पुढे नृसिंहवाडीस ती कृष्णेला मिळते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पाण्याची पातळी मोजतात. ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर चढले; कोल्हापूर-सांगलीकडील कित्येक गावे पाण्याने वेढली गेली. चिखली आणि शेजारची आंबेवाडी ही त्यांपैकीच. अशा गावांसाठी पुराचा नकाशा करावयाचा असेल, तर तो पाहून माणसे घर सोडावे की नाही, आणि सोडल्यास कोणत्या वाटेने जावे, हे ठरविणार. त्याच्या कडेस काय लिहिले आहे याला किती मोल आहे, हे येथे ध्यानात येते.

पहिले अंग शीर्षक. नुसते ‘पुराचा नकाशा’ असे लिहून भागत नाही. स्थळ, विषय आणि काळ या तिन्ही गोष्टी शीर्षकात याव्यात : ‘प्रयाग चिखली व आंबेवाडी : ऑगस्ट २०१९ मधील पंचगंगेच्या पुराचा विस्तार’. शीर्षक थोडे लांबले तरी हरकत नाही. ते अपुरे असू नये.

सूचीचे काम याहून नाजूक आहे. ‘ॲड लेजेंड’ ही आज्ञा दिली की प्रणाली आपण होऊन सूची तयार करते, आणि नवशिका येथेच फसतो. थरांना त्याने कामापुरती जी नावे दिलेली असतात, तीच सूचीत उतरतात. मग चावडीवरच्या नकाशात ‘रस्ते नवे २’ किंवा ‘पाणी शेवटचे’ असली नावे झळकतात. करणाऱ्याला त्यांचा अर्थ कळतो. गावकऱ्याला कसा कळावा? म्हणून सूची आपोआप बदलत राहण्याची सोय आधी बंद करावी लागते, आणि मग प्रत्येक नाव वाचणाऱ्याच्या भाषेत लिहावे लागते : ‘नदीचे नेहमीचे पात्र’, ‘पुराचे पाणी पसरलेला भाग’, ‘पावसाळ्यातही खुला राहणारा रस्ता’. जे थर केवळ पार्श्वभूमीसाठी आहेत ते सूचीतून काढून टाकावेत. नकाशात नसलेली खूण सूचीत असणे, आणि सूचीत नसलेली खूण नकाशात असणे, हे दोन्ही दोष सारखेच.

रंगांच्या बाबतीत एक जुना संकेत चालत आला आहे. १७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांत पाणी निळ्या रंगाने, वने हिरव्याने, लागवडीची जमीन पिवळ्याने, समोच्चरेषा तपकिरी रंगाने, तर रस्ते व वस्ती तांबड्या रंगाने दाखवितात. हा संकेत विनाकारण मोडू नये. पुराचे पाणी कोणी हिरव्या रंगाने दाखविले, तर बुडालेले शिवार पाहणाऱ्यास हिरवेगार रान वाटेल! शिवाय काही माणसांना तांबडा आणि हिरवा यांतील भेद ओळखता येत नाही. आणि खेड्यापाड्यांत रंगीत कागदाच्या काळ्या-पांढऱ्या प्रतीच अधिक फिरतात. नदी आणि पूर हे दोघेही त्या प्रतीत सारखेच करडे दिसू लागले, तर सूची असून नसल्यासारखी. त्यासाठी पुराच्या भागावर तिरप्या रेघा ओढाव्यात. रंग गेला तरी रेघा राहतात.

आता प्रमाण. ते सांगण्याच्या तीन रीती आहेत. ‘चार सेंटिमीटरला एक किलोमीटर’ हे शब्दप्रमाण. तेच १ : २५,००० असे लिहिले की अंकप्रमाण. आणि समान भाग पाडलेली पट्टी काढली की रेषाप्रमाण. तिन्ही एकच गोष्ट सांगतात, मग तिन्हींची गरज काय, असे कोणी विचारील. उत्तर नकाशाच्या प्रवासात आहे. समजा, १ : २५,००० प्रमाणाचा हा नकाशा कोणी प्रत काढताना निम्मा लहान केला. आता चार सेंटिमीटरमध्ये एक नव्हे तर दोन किलोमीटर मावतात. पण कागदावर अक्षरे तीच, ‘१ : २५,०००’. मोजपट्टी लावून पाहणाऱ्यास दोन किलोमीटरवरचा पूल एकाच किलोमीटरवर आहेसे वाटेल. रेषाप्रमाणाचे तसे होत नाही. नकाशा लहान झाला की त्याच्याबरोबर पट्टीही तेवढीच लहान होते आणि तिचे म्हणणे खरेच राहते. ज्या नकाशाच्या प्रती निघणार, त्यावर पट्टी नसणे ही मोठी उणीव समजावी.

ही पट्टी ‘ॲड स्केल बार’ या आज्ञेने जोडतात. कागदावर एकच नकाशा असेल तर अडचण येत नाही. पण पुष्कळदा मुख्य नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटा नकाशा घालतात. चिखली कोल्हापूर जिल्ह्यात नेमकी कोठे आहे, हे तो दाखवितो. याला उपनकाशा म्हणतात. मुख्य नकाशाने व्यापलेला भाग त्यात एका चौकोनाने दाखविण्याची सोयही प्रणालीत आहे. मुख्य नकाशात गल्ल्या दिसतात, तर उपनकाशात तालुके. दोघांचे प्रमाण अर्थातच भिन्न असते. पट्टी यांपैकी कोणत्या नकाशाशी जोडलेली आहे, हे करणाऱ्याने तपासले नाही आणि ती चुकून उपनकाशाशी जोडली गेली, तर गावातल्या गल्लीची लांबी दहा-वीस किलोमीटर भरते! दिसावयास पट्टी नीटनेटकी असते, आकडे सुबक असतात. म्हणूनच ही चूक चटकन नजरेस येत नाही.

प्रमाणाला दगा देणारी आणखी एक गोष्ट आहे. पृथ्वी गोल आणि कागद सपाट. गोलावरील प्रदेश कागदावर उतरविण्याच्या रीतीला प्रक्षेपण म्हणतात. महाजालावर पार्श्वभूमी म्हणून जे तयार नकाशे मिळतात ते बहुधा मर्केटरच्या प्रक्षेपणावर बेतलेले असतात. त्यात विषुववृत्तापासून दूर जावे तसतशी अंतरे फुगत जातात. ६० अक्षांशावर ती दुप्पट होतात. कोल्हापूर १७ अक्षांशाच्या आसपास असल्यामुळे तेथे ही फुगवट शेकडा चारांच्या थोडी वरच असते. ती दिसत नाही, पण मोजमापात येते. लंडनच्या एका नामांकित साप्ताहिकाने २००३ साली उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांचा पल्ला दाखविण्यासाठी अशाच प्रक्षेपणावर कंपासाने काढावीत तशी वर्तुळे छापली. उत्तरेकडील अंतरे मुळातच फुगलेली. साहजिकच खरा पल्ला वर्तुळांपेक्षा पुष्कळ दूर जात होता. त्या साप्ताहिकाला पुढे दुरुस्त नकाशा छापावा लागला. चिखलीच्या नकाशासाठी यूटीएम पद्धतीचा ४३ वा उत्तर विभाग निवडला म्हणजे ही अडचण जवळजवळ उरत नाही.

दिशादर्शक बाणाविषयी एक समजूत अशी असते की, नकाशात उत्तर नेहमी वरच असते, मग बाण कशाला? तसा नियम मुळीच नाही. अल् इद्रिसी या भूगोलवेत्त्याने सिसिलीच्या राजासाठी ११५४ साली जो जगाचा नकाशा सिद्ध केला, त्यात दक्षिण वर आहे. आजही लांबोळके नदीपात्र आडव्या कागदावर बसविण्यासाठी नकाशा तिरका फिरवितात. अशा वेळी बाणही तितकाच फिरावयास हवा. क्यूजीआयएसमधील बाण नकाशाशी जोडून ठेवला तर तो आपोआप फिरतो. शोभेचे चित्र म्हणून तो नुसताच चिकटविला तर नकाशा फिरतो आणि बाण मात्र हटवाद्यासारखा वरच बोट दाखवीत राहतो. बाणाच्या नक्षीत वेळ घालविण्याचे कारण नाही. काहींच्या नकाशात बाणच मुख्य नकाशाहून डौलदार असतो.

राहिली कडेची बारीक अक्षरे. माहिती कोठून घेतली, कोणत्या दिवसाची आहे आणि नकाशा केव्हा तयार झाला, हे तेथे लिहावयाचे असते. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, लोकांनी लोकांसाठी चालविलेला नकाशा आहे. त्यातील रस्ते घेतले तर त्याचा नामोल्लेख करणे ही त्याची अटच आहे. पण येथे प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. पुराचे चित्र उपग्रहाने एका विशिष्ट दिवशी टिपलेले असते. पाणी चढत असताना टिपलेल्या चित्रात जे घर कोरडे दिसते, ते दुसऱ्या दिवशी बुडालेले असू शकते. म्हणून त्या दिवसाची तारीख आणि त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर असलेली पाण्याची पातळी, या दोन्ही गोष्टी लिहिल्या पाहिजेत. मग पुढच्या पावसाळ्यात बंधाऱ्यावरचा आकडा ऐकल्याबरोबर गावकऱ्यास नकाशाशी त्याचा ताळा घालता येतो.

सर्व अंगे जागच्या जागी बसली की नकाशा पीडीएफ रूपात बाहेर काढतात आणि छापावयास पाठवितात. छपाईच्या वेळी ‘कागदाच्या मापात बसवा’ अशी सूचना यंत्रास दिलेली असेल, तर ते नकाशा थोडा आक्रसून छापते आणि कोणास सांगतही नाही. याची परीक्षा सोपी आहे. छापलेल्या कागदावरील प्रमाणपट्टीला कंपासपेटीतील मोजपट्टी लावावी. १ : २५,००० प्रमाणात एक किलोमीटरचा भाग बरोबर चार सेंटिमीटर भरावयास हवा. तो तीन सेंटिमीटर आठ मिलिमीटर भरला, तर अंकप्रमाण खोडून टाकावे किंवा कागद पुन्हा छापून घ्यावा, आणि मगच तो चावडीवर लावावा.