राखणदाराचे म्हातारपण

टीव्हीआर किमेरा ही गाडी इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल इथे 1992 ते 2003 या काळात बनत होती. फायबर ग्लासची बॉडी, रोव्हरचे व्ही-8 इंजिन आणि एका खोडीबद्दल मालकांमध्ये ठरलेली तक्रार: गाडी तापली की स्टार्ट होत नाही. पेट्रोल भरायला थांबावे, पाच मिनिटांनी चावी फिरवावी, तर नुसते ‘टक्’. बदनामी होते ती स्टार्टरची. प्रत्यक्षात चावीकडून स्टार्टरच्या सोलेनॉइडकडे जाणारा सगळा करंट आधी चोरीविरोधी यंत्रणेच्या डब्यातून जातो. तिथला रिले आणि त्याच्या बारीक वायरी तरुणपणी हे ओझे पेलतात. वीस वर्षे हादरे आणि उष्णता सोसल्यावर मात्र रिलेच्या पायांचे डाग तडकतात, वायरीचे टोक हिरवे पडते. त्यात तापलेल्या सोलेनॉइडच्या गुंडाळीचा रोधही वाढलेला असतो. वाटेत एक-दोन व्होल्ट खर्ची पडले, की सोलेनॉइडला ओढच उरत नाही. मग मेकॅनिक म्हणतो, ‘इमोबिलायझर डायरेक्ट करून टाकू.’ जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत हा सल्ला जितका सर्रास दिला जातो, तितका तो बरोबर असतो का? बहुतेक वेळा नसतो. कारण चोरीची चाहूल लागताच ओरडणारा भोंगा आणि गाडी सुरूच होऊ न देणारा इमोबिलायझर हे एकाच डब्यातून चालत असले, तरी एक वरातीतला वाजंत्री आहे आणि दुसरा खरा पहारेकरी. एरवी त्रास पहिला देतो आणि नोकरीवरून काढले जाते दुसऱ्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

या यंत्रणा ज्या काळात आल्या तो काळ आठवायला हवा. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये वाहनचोरीने कळस गाठला होता आणि विमा कंपन्या हैराण झाल्या होत्या. त्यांच्याच पैशावर चालणाऱ्या थॅचम इथल्या संशोधन केंद्राने चोरीविरोधी यंत्रणांचे वर्ग ठरवले. पहिल्या वर्गात भोंगा आणि इमोबिलायझर दोन्ही, दुसऱ्यात फक्त इमोबिलायझर. पुढे ऑक्टोबर 1998पासून युरोपीय संघात प्रत्येक नव्या मोटारीला इमोबिलायझर सक्तीचा झाला. त्याचा परिणाम मोजण्याचे प्रयत्नही झाले. यान व्हान और्स आणि बेन व्होलार्ड या अर्थतज्ज्ञांनी नेदरलँड्‌समधल्या चोऱ्यांची आकडेवारी तपासून असा अंदाज मांडला, की या एका सक्तीमुळे मोटारचोरीचे प्रमाण सरासरी 40 टक्क्यांनी खाली आले. उलटी साक्ष अमेरिकेतून मिळते. तिथे अशी सक्ती नव्हती. 2015च्या मॉडेलांपैकी इतर कंपन्यांच्या 96 टक्के गाड्यांमध्ये इमोबिलायझर होता. ह्युंदाई आणि कियाच्या गाड्यांमध्ये जेमतेम 26 टक्के. काही वर्षांनी ही उणीव समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींतून पोराटोरांना कळली आणि या दोन कंपन्यांच्या गाड्या शहरोशहरी उचलल्या जाऊ लागल्या. भोंग्याच्या बाजूने असा पुरावा दाखवता येत नाही. रात्री दोन वाजता गल्लीत भोंगा वाजला, तर किती जण खिडकी उघडतात आणि किती जण कूस बदलून मालकाला शिव्या घालतात, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. ‘लांडगा आला रे आला’ ओरडणाऱ्या पोराची गत त्याची केव्हाच झालेली आहे.

भोंगा बिनकामाचा ओरडतो तो का, हे पाहण्यासारखे आहे. चोराने बॅटरीची वायर काढली तर भोंगा गप्प बसू नये, म्हणून चांगल्या भोंग्याच्या पोटात स्वतःचे छोटे सेल असतात, निकेल-कॅडमियमचे किंवा निकेल-मेटल हायड्राइडचे. मुख्य वीज तुटली की तो या सेलवर किंचाळतो. कल्पना नामी, पण हे सेल दहा-बारा वर्षांत म्हातारे होतात आणि त्यांच्यातला पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा क्षार बाहेर पाझरतो. तो सर्किट बोर्डवरच्या तांब्याच्या रेघा खातो, दमट हवेत नको तिथे विजेला वाट करून देतो, आणि भोंग्याला भलत्या वेळी ‘वीज तुटली’ असे भास होऊ लागतात. स्पोर्ट्‌स कारच्या राहणीने यात भर पडते. ही गाडी रोज ऑफिसला जात नाही, महिनोन् महिने कापडाखाली उभी असते. पहारा देणारी यंत्रणा मात्र जागीच. ती 50 मिलीअँपिअर जरी खात असली, तरी दिवसाला 1.2 अँपिअर-तास झाले. 60 अँपिअर-तासांची बॅटरी पन्नास दिवसांत कोरडी. व्होल्टेज उतरू लागले की भोंग्याला वाटते, कुणीतरी वायर कापतो आहे. म्हणजे मालक परगावी, गाडी कुलूपबंद गॅरेजात, चोराचा पत्ता नाही आणि शेजाऱ्यांची झोप उडालेली. फेरारी 360 असो की त्या काळातली पोर्शे, हा आजार श्रीमंत-गरीब पाहत नाही.

आणि दुरुस्ती? एखाद्या टीव्ही-रेडिओवाल्या कारागिरालाही जमेल अशी. डब्याचे दोन भाग चिकटवून बंद केलेले असतात. ते सांध्यावर जपून कापायचे, फुगलेले सेल काढायचे, बोर्डवरचा पांढरा-हिरवा थर व्हिनेगरने धुवायचा (क्षाराला आम्लाचा उतारा), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करायचा. खाल्ल्या गेलेल्या रेघांवर बारीक तारेचे पूल बांधायचे, तेवढ्याच व्होल्टेजचे, पट्ट्या जोडलेले नवे सेल डाग देऊन बसवायचे आणि पाणी शिरणार नाही असा डबा बंद करायचा. एका संध्याकाळचे काम. ज्याला एवढाही सोस नाही त्याने भोंगा काढून ठेवला, तर मी त्याला बोल लावणार नाही. विमा कंपनीला तेवढे कळवावे, कारण पहिल्या वर्गाची यंत्रणा आता पहिल्या वर्गाची राहिलेली नसते.

इमोबिलायझरला हीच सूट का देऊ नये, यावर पहिला आक्षेप जाणकारांचाच असतो: हे कुलूप आता मोडलेले आहे. त्यात तथ्य आहे. 1990च्या दशकातल्या चावीतली चिप म्हणजे बिनबॅटरीचा मुका जीव. चावीच्या भोकाभोवतीची तारेची गुंडाळी तिला 125 किलोहर्ट्‌झच्या लहरींतून वीज पुरवते आणि ती आपला क्रमांक सांगते. सुरुवातीच्या चिपा तर प्रत्येक वेळी तोच क्रमांक सांगत. नंतर गुप्तलिपी आली, तीही टिकली नाही. मेगामोस नावाची लिपी पोर्शेपासून फोक्सवॅगनपर्यंत अनेकांच्या चाव्यांमध्ये होती. फर्डल्ट, एगे आणि गार्सिया या संशोधकांनी तिच्यातल्या उणिवा शोधल्या, तेव्हा फोक्सवॅगनने 2013 मध्ये लंडनच्या न्यायालयातून प्रकाशनाला मनाई मिळवली. तो निबंध 2015 मध्ये एक वाक्य गाळून छापला गेला. पण मोडता येणारे कुलूप आणि काढून फेकलेले कुलूप यांत फरक आहे. पहिल्याला उपकरण, माहिती आणि वेळ लागतो. दुसऱ्याला स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. ट्रकवर घालून गाडी नेणाऱ्या चोराला इमोबिलायझर अडवत नाही, हेही कबूल. गमतीखातर गाडी पळवणारा आणि संधी मिळाली म्हणून हात मारणारा मात्र तिथेच थांबतो, आणि नेदरलँड्‌सच्या आकड्यांत ही सगळी मंडळी मोजलेली आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यंत्रणा बनवणारी कंपनी बंद पडली, सुटे भाग मिळत नाहीत, मग मालकाने काय करावे? टीव्हीआरचा ब्लॅकपूलचा कारखानाही 2006 मध्ये बंद झाला. अल्फा रोमिओच्या त्या काळातल्या स्पायडरसोबत एक लाल मुख्य चावी येई. नव्या चाव्यांची ओळख गाडीला तीच करून देणार; ती हरवली तर कंपनीचा उपाय म्हणजे कंट्रोल बॉक्सच बदला. पहिल्या पिढीच्या पोर्शे बॉक्स्टरमध्ये तर यंत्रणेचा मेंदू सीटखाली, गालिच्याच्या पातळीवर ठेवला. टपाच्या निचऱ्याची भोके पानांनी तुंबली की पाणी थेट त्याच्या उशाशी. अशा रचनेवर राग यावा हे रास्तच, आणि दुरुस्तीची माहिती कोंडून ठेवणाऱ्या कंपन्यांना माफी नाही. तरीही या प्रत्येक दुखण्यात बिघाड नेमका कुठे आहे ते पाहा: तुंबलेले भोक, गंजलेली पिन, तडकलेला डाग. गुप्तलिपीला म्हातारपण येत नाही. म्हातारे होतात ते जोड. भोके साफ ठेवणे, भिजलेला बोर्ड उघडून धुणे, तोच मेंदू वाचवून पुन्हा बसवणे हे नवा डबा मागवण्यापेक्षा स्वस्त, आणि यंत्रणा उपटण्यापेक्षा शहाणपणाचे. केवळ शर्यतीच्या ट्रॅकवर पळणारी, ट्रेलरवरून जाणारी-येणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिला घरफोडीची भीती असते, गल्लीतल्या चोराची नाही.

किमेराच्या तक्रारीवरचा सर्वांत समंजस उपाय याच वळणाचा आहे. सोलेनॉइडजवळ एक जादा रिले बसवायचा, त्याला बॅटरीकडून जाड वायरने करंट द्यायचा, आणि जुन्या डब्यातून येणाऱ्या वायरीने फक्त हा नवा रिले ओढायचा. डब्यावरचे ओझे कित्येक अँपिअरवरून अर्ध्या अँपिअरच्याही खाली येते. परवानगी अजून तोच देतो. हमाली तेवढी दुसऱ्याने उचलली. अवघड असते ते फक्त योग्य वायर शोधणे. कारण चोराला माग लागू नये म्हणून थॅचमच्या शिफारशीच्या या यंत्रणांच्या सगळ्या वायरी काळ्या ठेवल्या जात. एका जुडग्यात वीस-वीस काळ्या वायरी, ना रंग ना पट्टी. चोराला चकवण्याची ती युक्ती पंचवीस वर्षांनी वायरमनची परीक्षा घेते. तो मीटर लावून एकेक वायर ओळखतो, प्रत्येकीला क्रमांकाची चिकटपट्टी लावतो, कागदावर नकाशा काढतो, आणि काम संपले की पट्ट्या पुन्हा सोलून टाकतो. नकाशा मालकाने घरच्या कपाटात ठेवायचा; गाडीच्या कप्प्यात नाही.